मोहाचं लेकरू

मोहाखाली आग लावायची नाही, हे मला कोणी शिकवलं नाही. उलट आग कशी लावायची तेच शिकवलं होतं, आणि ती मी फार चांगली लावत असे. आधी वारा बघायचा, मग पाल्याची एक मूठ पेटवून झाडाभोवती टेकवत टेकवत फिरायचं, आणि हातातल्या पळसाच्या हिरव्या फांदीनं कडेकडेनं झोडपत राहायचं. तासाभरात झाडाखालची जागा काळी आणि साफ. मग पहाटे पडलेलं एकेक फूल त्या राखेवर पिवळं उठून दिसतं. पाला असला की फूल त्यात लपतं आणि वेचणारीची कंबर मोडते. होळी झाली की आमच्या गावातल्या बाया एक दिवस ठरवून आपापल्या मोहाखाली आग लावत. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. माझ्याही येत नव्हतं.

आमचं गाव मूल गावच्या बाजारापासून दोन-तीन कोसांवर. एका अंगाला धानाचे बांध, दुसऱ्या अंगाला जंगल. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि जिल्ह्याला सगळे अजून चांदाच म्हणत. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि सासरहून परत आले होते. परत आले असं गाव म्हणे. मी काही आले नव्हते, मला आणून टाकलं होतं. चौदाव्या वर्षी नांदायला गेले, तीन वर्षं झाली, लेकरू झालं नाही. मग एक दिवस सासऱ्यानं बंडी जुंपली, माझी पेटी वर ठेवली, मला माहेरच्या दारात उतरवलं आणि घोटभर पाणीही न पिता बैल वळवले.

घरात बा आणि मी, दोघंच. आई मी लहान असतानाच गेली होती. बा माणूस भला, पण दिवसाला चार वाक्यं बोलणार, आणि त्यातली दोन बैलांशी. माझ्या वयाच्या पोरी लग्न होऊन गेलेल्या. विहिरीवर गेले की बायांचं बोलणं एकदम थांबायचं आणि मी घागर भरून वळले की पुन्हा सुरू व्हायचं. बारशाला कोणी बोलावत नसे. तोंडावर कोणी ‘वांझ’ म्हटलं नाही, तेवढी माणुसकी होती; पण माझ्या पाठीला कान फुटले होते. कधी कधी दिवस मावळेपर्यंत माझं तोंडच उघडलेलं नसे, आणि मग बाला ‘जेवाले चला’ म्हणताना माझाच आवाज मला परका वाटायचा.

फक्त मोहाच्या दिवसांत हे सगळं विसरायला व्हायचं. पहाटे कोंबडा आरवला की बाया टोपल्या घेऊन निघत आणि दारादारात हाक देत जात. आमच्या मोहाला लागून जिचा मोह होता, ती शेजारची वहिनी मला हाक मारायची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, कडेवर वर्षभराचं पोरगं. “चाल वो बाई, अस्वल खाऊन गेल्यावर येशीन काय?” असं ती दारातून ओरडायची. अंधारात कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. गाणी, थट्टा, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला, सगळ्यात मी असायची. त्या महिनाभराच्या हाकेवर मी उरलेले अकरा महिने काढत होते, खोटं कशाला सांगू.

परत आल्याच्या पहिल्या वर्षी मीही आग लावली. फुलं वेचून झाली, वाळवून झाली. चैत संपता संपता एका दुपारी बा मोहाखाली बसला होता. झाड त्याच्या आज्याच्या वेळचं, बुंध्याला ढोली पडलेली. खूप वेळ वर बघत बसला आणि म्हणाला, “या झाडाले एक लेकरू नाई वो. थे गेलं, का झालं.”

तो झाडाबद्दलच बोलत होता. आमच्याकडे असंच बोलतात, झाडाखाली त्याची रोपं नसली की झाडाला लेकरू नाही म्हणतात. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “मंग त्यालेबी बंडीत घाला न् द्या सोडून!” मी म्हणाले. बा उठला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. आता आठवलं की लाज वाटते. बाच्या त्या दिवसाच्या चार वाक्यांतलं एक मी असं वाया घालवलं.

पण ते वाक्य मला चावत राहिलं. कामं करता करता मी त्याच्याशी भांडत होते. लेकरू नाही म्हणजे काय? जेठ लागला की हेच झाड टोळ टाकतं, टोळ म्हणजे मोहाची बी, तिचं आम्ही तेल काढतो. ढिगानं टाकतं. वेचून वेचून बोटं दुखतात. त्यातलं चुकलंमाकलं पावसात रुजतं, वीतभर वाढतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. मग ती रोपं जातात कुठं? आणि एकदम माझ्या ध्यानात आलं की दर होळीनंतर पळसाची फांदी घेऊन मीच तिथं उभी असते. झाड वांझ नव्हतंच! आम्हीच दर साली त्याची लेकरं भाजत होतो आणि वर त्यालाच नाव ठेवत होतो. मला झाडाचा कैवार आला तो पर्यावरणाबिर्यावरणाच्या विचारानं नाही. तो शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकलाही नव्हता. मला राग आला होता, बस.

त्या जेठात मी मूठभर टोळ वेचलेच नाहीत. टाचेनं मातीत दाबले आणि त्यावर एकेक खडा ठेवला. सावनात रोपं वर आली. काही शेळ्यांनी खाल्ली, काही पायाखाली गेली. दिवाळीनंतर मोजली तेव्हा पाच उरली होती. मी बोरीच्या काट्या तोडून पाचही रोपांभोवती रोवल्या. पाण्याला जाताना एकदा, येताना एकदा, अशी वाट वाकडी करून बघायला जायची. बोलायचीही त्यांच्याशी. काय बोलायची ते नाही सांगत.

एक तरी पुढची होळी काढेल, एवढंच मला पाहिजे होतं. पाचातलं एक. ते जगलं तर झाडावरचं बोलणं फिटलं, आणि माझ्यावरचंही थोडं फिटेल अशी माझी वेडी समजूत होती.

होळी झाली. आग लावायचा दिवस ठरला. मी वहिनीला सांगितलं, मी नाही लावणार, मी झाडून काढीन.

“झाडून?” ती हसायला लागली. “जंगल झाडशीन का बाई? खराट्यानं?”

“माह्या झाडाखालचं झाडीन.”

“अवो, तुह्या झाडाचा पाला उडून माह्या राखेत येईन, त्याचं काय? माह्यी फुलं झाकतीन. आन् आग एकीनं नाई लावली का बाकीच्यांचे वांदे होते, माईत हाये ना तुले? सगळ्याजनी एकाच दिवशी काऊन लावते मंग?”

तिचं बरोबर होतं, हे मला आज कळतं. सगळीकडे एकाच वेळी पेटलं की कोणतीही आग शेजारच्या राखेला लागून विझते. मधे कोणाचा पाला तसाच राहिला तर आगीला वाट मिळते. पण तेव्हा मला ती माझ्या रोपांच्या मुळावर उठल्यासारखीच वाटली. मी तोंड फिरवलं. “मंग पाहाटे मीबी हाक नाई मारीन, जाय,” ती मागून म्हणाली. वाटलं, वळावं, म्हणावं, बरं बाई, लावते. नाही वळले.

चार दिवस मी त्या मोहाखाली झाडत होते. हसायचं त्यांनी हसून घेतलं. पण झाडताना जे दिसलं ते आग लावताना कधी दिसलं नव्हतं. आग लावणारीची नजर आगीवर असते, झाडणारीची जमिनीवर. पाल्याखाली गोगलगायींचे पांढरे शंख, बोटाएवढे सरडे, कुजक्या लाकडात गुंडाळून बसलेले पैसा किडे, आणि एकदा तर खराटा टेकणार तोच पाल्यातूनच एक डोळा उघडला. रातवा पक्षी, पाल्याच्याच रंगाचा, जमिनीला चिकटून अंड्यांवर बसलेला. उडाला नाही. मीही हलले नाही. मग तेवढी हातभर जागा न झाडता सोडून दिली. पुढं मी चांद्याला शिकले, मास्तरीण झाले. शाळेतली पोरं विचारायची की जंगलासाठी आम्ही लहानांनी काय करायचं. मोठमोठं सांगायला मला येत नसे. दहा टोळ वेचले तर एक मातीत दाबा, चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडाची फांदी न तोडता चारं तोडा, आणि मोहाखाली झाडा, एवढंच सांगायची. कोणत्या बाजूला झाडायचं तेही सांगायची, कारण तिथंच मी चुकले होते.

मी पाला आत झाडला. बाहेर ढकलला तर वहिनीच्या बाजूला जाईल, ती पुन्हा बोलेल, म्हणून सगळा आत ओढला, आणि मला वाटलं, रोपांभोवती लावला तर मुळांना गारवाही राहील. काट्यांना टेकून पाचही रोपांभोवती मी वाळल्या पाल्याची गुडघाभर गोल रास रचली. फार छान दिसत होती. मी दूर उभी राहून कौतुकानं पाहिली.

ठरल्या दिवशी बायांनी आगी लावल्या. मी खराटा घेऊन माझ्या हद्दीत राखण करत उभी. सकाळभर सगळं नीट चाललं. दुपारी वारा फिरला. वहिनीच्या झाडाखालून एक जळतं पान उडालं, भुईवर एकदा टेकलं, पुन्हा उडालं आणि माझ्या पहिल्या राशीवर येऊन बसलं. मी धावेपर्यंत ती भडकली. मग दुसरी. पाचही राशी मीच रचल्या होत्या, एकीपासून दुसरीपर्यंत पाला मीच सांडला होता. मी खराट्यानं मारायला गेले तर खराटाच पेटला.

सगळ्या बाया धावत आल्या. स्वतःच्या आगी सोडून आल्या. फांद्यांनी झोडपलं, पायांनी माती लोटली. वहिनीनं पोरगं एकीच्या हातात दिलं आणि सरळ हातानं जळत्या काट्या ओढून काढल्या. तिनं तेव्हा माझी रोपं पाहिली होती, त्यांच्यासाठीच ती काट्या ओढत होती, हेही मला नंतर सुचलं. आग विझली. पाच जागी पाच काळे ठिपके उरले होते. रातवा बसला होता त्या जागी मी बघायलाच गेले नाही.

आणि मी तोंड उघडलं. माझी जीभ म्हणजे विळा, बा नेहमी म्हणायचा. वहिनी तळहातावर फुंकर मारत उभी होती, तिचं पोरगं तिला पाहून हात पसरून रडत होतं, आणि मी त्या पोराकडे बोट करून म्हणाले, “माह्ये जाळले तुमी! तुमचेबी असेच जळोत!”

वहिनीनं पोराला उचललं आणि ती निघाली. तिच्यामागून सगळ्या गेल्या.

दुसऱ्या पहाटे मी अंधारात टोपली घेऊन दाराशी बसले. बाया आल्या. पावलं ऐकू आली. आमच्या दारासमोर आल्यावर ती थोडी जलद झाली आणि पुढं गेली. मी त्यांच्या मागं अंतर ठेवून एकटी गेले. त्या वर्षी माझ्याच मोहाखाली फुलं सगळ्यांत चांगली दिसत होती, खाली काळीभोर राख होती ना. मी वेचत होते आणि रडत होते. पलीकडून गाणं ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन गेले. माझ्या डोक्यात एकच होतं. मेलेली रोपं खणून काढायची आणि वहिनीच्या अंगणात नेऊन फेकायची. बघ म्हणावं, हे तुह्या आगीनं केलं. जमीन दगड झालेली. पहिलं रोप करंगळीएवढी काळी काडी घेऊन वर आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. मी ती पदरात टाकत गेले. चौथ्याचं मूळ खोल होतं, मी दोन्ही हातांनी ओढलं तर ते मधेच कट्‌कन तुटलं, आणि माझ्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. पाहिलं तर दूध. मोहाच्या झाडाला पांढरा चीक असतो, तो त्या तुटलेल्या मुळातून थेंबथेंब येत होता. मी पदरातली तिन्ही काढली, नखानं खरवडली. वरून कोळसा, आणि मातीखालचं मूळ आत ओलं, पांढरं, जितं.

ती मेलेली नव्हती. वरचं जळलं होतं फक्त. पाऊस पडता तर पुन्हा फुटली असती.

मी चारही परत खड्ड्यात घातली, माती दाबली, आडातून घागरी आणून ओतल्या. मला कळत होतं की आता उपयोग नाही. सासरच्यांनी माझी तीन वर्षं वाट पाहिली होती. मी त्या रोपांची तीन दिवस पाहिली. खुरपं बाजूला टाकलं आणि पाचव्या काळ्या काडीजवळ बसून राहिले. तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. घरी जाऊन बाला सांगितलं की आगीनं नाही मेली, मीच उपटली. बा म्हणाला, “एक हाये ना?”

उन्हाळा कसा गेला विचारू नका. जेठात टोळ पडले, मी एकटीनं वेचले. वहिनी समोरून आली की वाट बदलायची. तिचा हात बरा झाला असं बाकडून कळलं. मला वाटे, आगीवरून रागावली आहे, कधीतरी राग उतरेल. स्वतःच्या तोंडून काय गेलं होतं, ते मी स्वतःला आठवू देत नव्हते.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला होता, सगळं गाव चिखलात. एका दुपारी बांधावरून परतताना मी नेहमीसारखी मोहाकडे वळले. काळी काडी होती तशीच होती. तिच्या बुडाशी, मातीला लागून, दोन पानं आली होती. तांबूस, चमकदार, नखाएवढी. मी खाली बसले. पुन्हा पुन्हा पाहिलं, गवत तर नाही ना. मोहच होता. मला ओरडून कोणाला तरी सांगायचं होतं, आणि उभी राहिल्यावर लक्षात आलं की सांगायला कोणी नाही. बा लांबच्या धानाच्या बांधीत. तशीच चिखलाच्या पायांनी मी वहिनीच्या दारात गेले.

ती ओसरीवर पोराला भात भरवत होती. उजव्या तळव्यावरची कातडी गुलाबी, ताणलेली. मला पाहताच तिनं घाईनं पोराच्या तोंडावर पदर ओढला.

तेव्हा मला समजलं. हाताचा राग नव्हता तो. ती चार महिने घाबरत होती. पोराला शिंक आली, ताप आला, चुलीजवळ गेलं, प्रत्येक वेळी तिला माझे शब्द आठवले असतील.

“वैनी,” मी म्हणाले, “एक आलं.”

“काय आलं?”

“मोहाचं. जळलं होतं थे. दोन पानं आले.”

पोरगं पदराखाली चुळबुळत होतं, त्याला भात हवा होता.

“जगलं?”

“जगलं.”

“मंग माह्या लेकरावरचं परत घे.”

“घेतलं,” मी घाईनं म्हणाले. “घेतलं वो वैनी, मी रागात...”

“असं नाई. इथी ये. त्याच्या डोक्शावर हात ठेव आन् म्हन.”

मी जागची हलले नाही. परत आल्यापासून गावातल्या एकाही आईनं मला तिच्या लेकराला शिवू दिलं नव्हतं. मी पुढं झाले तर त्या पोराला उचलून घ्यायच्या, काहीतरी निमित्त काढायच्या. मीही मग हात पाठीमागेच ठेवायला शिकले होते. “माह्ये हात चिखलाचे हायेत,” मी म्हणाले.

“राहू दे.”

तिनं पदर बाजूला केला. मी ओसरीवर टेकले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू गरम होती, केस घामानं ओले. पोरगं वर बघून हसलं नाही की रडलं नाही, त्याचं सगळं लक्ष ताटलीकडे. शेवटी म्हणाले, मी जे बोलले ते परत घेतलं, तू मोठा हो.

“अजून एकडाव,” वहिनी म्हणाली.

मी अजून एकदा म्हणाले. तिनं एक घास कालवला आणि पोराच्या तोंडात घातला. हात काढ असं ती म्हणाली नाही, आणि मी काढला नाही.